बडोद्याचे प्राचार्य आणि आमचे प्रभारी

बायकोच्या मावसभावाच्या मुलीचे लग्न बडोद्याला होते, म्हणून मडगावहून गाडीत बसलो. लग्नात मला काडीचे काम नव्हते. मुलीकडच्यांनी दिलेला श्रीखंडाचा नाश्ता उरकून सकाळीच बाहेर पडलो आणि दांडिया बाजारातून चालत चालत जुन्या बडोदा कॉलेजपाशी जाऊन उभा राहिलो. आता तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कला शाखा आहे. तो प्रचंड घुमट बघताना माझ्या मनात आले ते मात्र आमच्या कचेरीतले एक टिपण. खोड जात नाही, दुसरे काय!

मित्रहो, मी सरकारी कारकून. माझे टेबल आस्थापनेचे. ज्येष्ठता यादी, सेवापुस्तिका, बढती, बदली, कार्यभार, हे माझे रोजचे शब्द. आमच्या डिचोली तालुक्यातल्या एका शाळेला गेली काही वर्षे कायम मुख्याध्यापक नाही, ‘प्रभारी’ आहेत. बाई चांगल्या आहेत, पण त्यांच्या हातात सही आहे आणि अधिकार नाही. पावसाळ्यात छप्पर गळले तर तात्पुरते पत्रे घालायला परवानगी मागतात, आणि ती येईपर्यंत चवथ होऊन जाते. माझी पुतणी त्याच शाळेत आहे. त्यामुळे ‘शाळेचा प्रमुख कोणी आणि कसा निवडावा’ हा प्रश्न माझ्यासाठी नुसता कागदावरचा नाही.

बडोद्यात या प्रश्नाला एक मोठा इतिहास आहे. ज्या राजाने तो घडवला तो स्वतःच निवडून आणलेला होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून गायकवाडांच्या भाऊबंदांतली मुले आणली गेली, त्यांतल्या गोपाळरावांना महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले. बारा वर्षांचे, जवळजवळ निरक्षर पोर. मग त्यांना शिकवायला इलियट नावाचे साहेब नेमले. पुढे १८८१ साली पूर्ण अधिकार हाती आल्यावर सयाजीरावांनी आयुष्यभर हेच केले : माणसे शोधली आणि जागांवर बसवली. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. शाळा काढायला पैसा लागतो, तो होता. पण शाळेच्या खुर्चीत बसवायचे कोणाला?

कलाभवनाचे उदाहरण घ्या. १८९० साली तंत्रशिक्षणाची ही संस्था काढली आणि तिचे प्राचार्यपद दिले त्रिभुवनदास गज्जर यांना. हे सुरतेचे, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे. संस्थेची कल्पनाही मुळात त्यांच्याच डोक्यातली, आणि शिक्षण देशी भाषेतून द्यावे हा त्यांचा आग्रह. म्हणजे जागा आधी काढून मग अर्ज मागवले असे झाले नाही, माणूस होता म्हणून जागा निर्माण झाली. (आपले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले.) ग्रंथालयांसाठी तर १९१० मध्ये थेट अमेरिकेहून बोर्डन नावाचे गृहस्थ आणले. आमच्या आस्थापनेच्या भाषेत सांगायचे तर सयाजीराव ‘भरती नियम’ मागून लिहीत.

पण या पद्धतीची दुसरी बाजूही बघा. अरविंद घोषांची नोकरी मी एखाद्या सेवापुस्तिकेसारखी वाचतो. १८९२-९३ च्या सुमारास लंडनमध्ये सयाजीरावांनी त्यांना घेतले, पगार महिना २०० रुपये. आय.सी.एस.च्या तोडीचा माणूस एवढ्यात मिळाला म्हणून महाराज खूश होते असे अरविंदांनीच पुढे सांगितले आहे. मग काय केले त्यांचे? जमाबंदी खाते, मुद्रांक, दिवाणांची कचेरी. ग्रीक-लॅटिन कोळून प्यालेला माणूस स्टँपांवर! १८९७ मध्ये कॉलेजात फ्रेंच शिकवायला थोडे तास मिळाले, मग इंग्रजी. त्यांना तिथे कायम करावे अशी मागणी १९०० मध्ये केली ती प्राचार्य टेट यांनी. इथे मी थांबलो. राजाच्या नजरेला जे दिसायला सात वर्षे लागली ते कॉलेजच्या प्रमुखाला रोज व्हरांड्यात दिसत होते. शिक्षकाची पारख शाळेतच होते, हे माझे जुने मत यामुळे आणखी पक्के झाले.

१९०४ मध्ये ते उपप्राचार्य झाले, ५५० रुपयांवर. १९०५ मध्ये प्राचार्यपदाचा कार्यभारही त्यांच्याकडे आला. कार्यभारच, बरे का. म्हणजे आमच्या बाईंसारखेच प्रभारी! कायमचे प्राचार्य म्हणून नंतर क्लार्क साहेब आले. महाराजांनी अरविंदांबद्दल दिलेल्या शेऱ्यात हुशारीचे कौतुक होते, पण वेळ पाळणे आणि नियमितपणा यांत ते कमी पडतात असेही होते. गोपनीय अहवालात असले वाक्य आले की आमच्याकडे बढती अडकते, तेव्हा मला हसू आले. १९०६ मध्ये अरविंद बडोदा सोडून कलकत्त्याला नव्या राष्ट्रीय कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांच्या मागे बडोद्याच्या उपप्राचार्यपदावर आले सी. आर. रेड्डी, जे पुढे आंध्र विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

गोंयकारांना एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी कलकत्त्यात पालीचे अध्यापन करीत होते. सयाजीरावांनी त्यांना कळवले की महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहा, महिना ५० रुपये देतो, मात्र वर्षाला एक पुस्तक लिहा. धर्मानंदांनी कलकत्त्यातला जास्त पगार सोडला आणि हे पत्करले. ना पद, ना खुर्ची, ना हजेरीपत्रक! आज असा आदेश माझ्या टेबलावर आला तर लेखा विभाग तो त्याच पावली परत पाठवील.

मात्र नुसती पारख आणि हुकूम एवढ्याने भागत नाही, हेही बडोद्यानेच दाखवले. अस्पृश्य मुलांसाठी १८८०च्या दशकात शाळा काढल्या, तर तिथे जायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे १९०८ मध्ये पंजाबातून आर्यसमाजी पंडित आत्माराम यांना बोलावून या शाळांची आणि वसतिगृहाची देखरेख त्यांच्यावर सोपवली. कोण कुठल्या शाळेवर जाणार हे तेव्हा ज्येष्ठता यादी ठरवत नव्हती, त्या मुलाला हात लावायला कोण तयार आहे यावर ते ठरत होते.

आणि आंबेडकर. १९१३ मध्ये सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला गेले, १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीत आले. पुढे त्यांना अर्थखाते द्यायचा महाराजांचा विचार होता. पण शहरात राहायला जागा मिळेना, पारशी सराईतून बाहेर काढले, आणि कचेरीत शिपाई फायली लांबून टाकीत. त्या कचेरीतली माणसे माझ्याच बिरादरीची, टेबलवाली. राजाची सही होती, तिच्याखाली बसलेल्यांनी ती पाण्यात घातली. मी सयाजी बागेत, म्हणजे जुन्या कमाटी बागेत, बराच वेळ बसलो होतो. लग्नाची पंगत चुकली. हेच आंबेडकर जून १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. बडोद्याच्या कचेरीला जे जमले नाही ते अठरा वर्षांनी मुंबईला जमले.

आता राजे गेले, नियम आले. गुजरातेत मुख्याध्यापकांसाठी अभियोग्यता परीक्षा आली. आपल्याकडे १९८४चा शालेय शिक्षण कायदा आणि १९८६चे नियम आहेत. शिक्षण हक्क कायदा सांगतो की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असली की पूर्णवेळ मुख्याध्यापक हवा. आमच्याकडचे काही लोक ज्येष्ठता यादीला नावे ठेवतात, मला ते पटत नाही. यादी नसती तर त्या जागी कोणाचा भाचा बसला असता ते मी रोज बघतो. सयाजीराव एखादेच, आणि त्यांनाही घोषबाबू ओळखायला सात वर्षे लागली. पण यादी तयार असून जागा रिकामी ठेवायची आणि प्रभारीवर दिवस काढायचे, याला ना राजाची पारख म्हणता येते ना नियम.

परत आल्यावर पहिल्याच सोमवारी प्रभारी बाई कचेरीत आल्या होत्या. पत्र्यांची परवानगी आली होती. पाऊस संपून दोन महिने झाले होते. मी त्यांना बडोद्याचा चिवडा दिला आणि त्यांच्या अर्जाची नवी पोच लिहून दिली, या खेपेस मुख्याध्यापकाच्या जागेसाठी.