फी आणि भाकर : वऱ्हाडातील शाळांचा जुना हिशेब

उन्हाळा सरत आला आणि मृगाची चाहूल लागली, की वऱ्हाडातल्या घराघरांत दोन हिशेब एकाच वेळी मांडले जातात. एक बी-बियाण्याचा आणि दुसरा पोरांच्या शाळेचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत फी नाही, पण बापाचे मन भरत नाही. खाजगी शाळेत मन भरते, पण खिसा रिकामा होतो. गावी राहिले तर भाकर घरची. अमरावती-अकोल्यास गेले तर खोलीचे भाडे आणि खाणावळ. हा पेच आपल्याच काळाने निर्माण केला, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो दीडशे वर्षांचा जुना आहे. आणि त्याचा इतिहास पाहू लागले म्हणजे असे दिसते की, शाळा सरकारी की खाजगी या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, पोराने जेवायचे कोठे हा प्रश्न या प्रांतात निर्णायक ठरला आहे.

१८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. १८६७ साली मुंबईची रेल्वे थेट नागपूरपर्यंत पोचली. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण त्या दिवसांत सार्थ वाटली असल्यास नवल नाही. मात्र कापसाबरोबर धान्यही महागले, मजुरीही वाढली आणि बाजारपेठेच्या गावी राहणे जड झाले. नेमक्या याच सुमारास, १८६६ साली, वऱ्हाडात शिक्षणखाते उभे राहिले. यथाकाल अमरावती आणि अकोला येथे सरकारी हायस्कुले नांदू लागली. म्हणजे शाळा निघाल्या त्या जेथे राहणे सर्वांत महाग, तेथे!

ही हायस्कुले सरकारी असली तरी फुकट नव्हती. फी होतीच, पण ती एक वेळ कोठून तरी उभी करता येई. जड जाई ते बिऱ्हाड. वकिलाच्या, कारकुनाच्या, पेढीवाल्याच्या मुलाला घर शाळेजवळच होते. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या कुणब्याच्या मुलाला मात्र कोणा नातलगाचा आसरा शोधावा लागे, वार लावून जेवावे लागे, नाही तर परत वावरात जावे लागे. ज्या शेतकऱ्याच्या कापसावर शहर मोठे झाले, त्याचाच मुलगा त्या शहरातल्या शाळेला पारखा राहिला.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी हेच दुखणे व्यापक रीतीने मांडले होते. सरकारचा महसूल भरते ती कष्टकरी रयत, आणि तिच्या पैशातून शिकतात ते वरच्या वर्गाचे लोक. तेव्हा सरकारने आधी प्राथमिक शिक्षणाकडे पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. आयोगाचा कल मात्र उच्च शिक्षण हळूहळू खाजगी संस्थांवर सोपवून त्यांना अनुदान देण्याकडे राहिला. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले ते याच वाऱ्यात. वऱ्हाडात कॉलेज व्हायला मात्र १९२३ साल उजाडावे लागले. त्या साली अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले. तोवर मॅट्रिकपुढे शिकायचे तर नागपूर, पुणे, नाही तर मुंबई गाठणे आले. दादासाहेब खापर्डे मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकले. तो मार्ग किती घरांना परवडणार?

हा मार्ग एका शेतकरी घराने कसा चालून दाखवला, ते पंजाबराव देशमुखांच्या चरित्रात दिसते. जन्म १८९८ सालचा, पापळ गावचा. पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती, पुणे आणि शेवटी विलायत अशी त्यांच्या शिक्षणाची वाट. प्रत्येक मुक्कामी शाळा वरची, आणि प्रत्येक मुक्कामी घरची भाकर अधिक दूर. वडील शामरावांनी जमीन गहाण टाकून हा खर्च सोसला. मुलगा बॅरिस्टर आणि डॉक्टर होऊन १९२६ साली परतला. त्यानंतर त्याने प्रथम काय उभारले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आधी निघाले ते श्रद्धानंद छात्रालय. श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यामागून, १९३०च्या दशकाच्या आरंभी आली. आधी राहण्या-जेवणाची सोय, मग शाळांचा पसारा. जातीचा आडपडदा न ठेवता मुलांना एका छपराखाली आणण्याची ती खटपट होती. कोल्हापुरात १९०१ पासून शाहू महाराजांनी वसतिगृहे उभी केली, पण त्यांच्या पाठीशी संस्थान होते. वऱ्हाडात राजा नव्हता. येथे हे काम लोकांच्या वर्गणीवर आणि दाण्यागोट्यावर उभे राहायचे होते, तेही कापसाचे भाव कोसळलेल्या मंदीच्या वर्षांत.

याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनातून काय सांगत हिंडत होते? ताट मोडावे लागले तर मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. स्वतः अक्षर न शिकलेल्या त्या माणसाने वऱ्हाडी संसाराचा हिशेब अचूक ओळखला होता.

म्हणून जुन्या वऱ्हाडात ‘खाजगी शाळा’ या शब्दाचा अर्थ आजच्याहून निराळा होता. शाळा संस्थेची, जागा गावाची, पगार बहुतांशी सरकारी अनुदानाचा. ती अर्धी लोकांची, अर्धी सरकारची होती, विक्रीची नव्हती. १९५९ च्या सुमारास आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांची फी माफ होऊ लागली, पुढे वार्षिक बाराशे रुपयांच्या आतले उत्पन्न असलेल्या पालकांना ती सवलत मिळाली, आणि या शाळांची दारे खरोखर उघडली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा खेडोपाडी पोचल्या. शाळाच घराजवळ आली, म्हणजे बिऱ्हाडाचा प्रश्न अर्धा मिटला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या कित्येक घरांतली पहिली शिकलेली पिढी याच दोन सोयींवर उभी राहिली.

पुढे वारे फिरले. १९८३ साली विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. २००१ पासून शाळाही ‘कायम विनाअनुदानित’ निघू लागल्या. आता खाजगी म्हणजे पालकाच्या पैशावर चालणारी, असा अर्थ रूढ झाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशा शाळांतल्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खाजगी शाळेस या बंधनातून मोकळीक द्यावी, असा नियम राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला.

हे सारे फीबद्दल झाले. भाकरीचे काय? २०२३ साली वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार सरकारदरबारी पुढे आला. कागदावर तो सोयीचा दिसतो: चार मुलांपेक्षा चाळीस मुलांत शिकणे बरे, आणि पुरेसे मास्तरही मिळतील. शिक्षक म्हणून मलाही त्यातले तथ्य नाकारता येत नाही. पण गावची शाळा उठली म्हणजे पापळ ते कारंजा ही जुनी वाट पुन्हा सुरू होते, आणि या वेळी ती सहा-सात वर्षांच्या लेकरासाठी. बस चुकली की शाळा चुकली. मुलगी असेल, तर एवढे निमित्त शाळा सोडवायला पुरते.

तेव्हा सरकारी की खाजगी हे तोलताना तराजूच्या पारड्यात केवळ फी टाकून भागणार नाही. भाडे, खाणावळ, रस्ता आणि त्या काळात वावरात न झालेले काम, हे सारे तोलले पाहिजे. ज्या शाळेने हा भार उचलला, ती वऱ्हाडाच्या कामी आली, मग तिच्या पाटीवर कोणाचेही नाव असो. ज्या शाळेने तो बापाच्या माथी टाकला, तिच्यासाठी जमीन गहाण पडली. प्रत्येक बाप शामराव होऊ शकत नाही, आणि गहाण टाकायला सगळ्यांपाशी वावर तरी कोठे उरले आहे?