एसआय-आरएनए आणि जन्मजात प्रतिकारशक्ती

एसआय-आरएनए हा सुमारे २१ ते २३ न्यूक्लिओटाइड लांबीचा दुपेडी आरएनए रेणू होय. विशिष्ट जनुकाचा संदेशवाहक आरएनए तोडून त्या जनुकापासून होणारी प्रथिननिर्मिती तो रोखतो. प्रयोगशाळेत तयार केलेला असा रेणू शरीरात सोडला असता जन्मजात प्रतिकारशक्ती कधीकधी त्याला विषाणूचा अंश समजून प्रतिसाद देते.

पार्श्वभूमी

दुपेडी आरएनएमुळे जनुक निष्क्रिय होते, हे अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये सूत्रकृमीत दाखविले. त्यासाठी त्यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सस्तन प्राण्यांच्या पेशींत मात्र ३० जोड्यांहून लांब दुपेडी आरएनएमुळे इंटरफेरॉन स्रवते व सर्वच प्रथिननिर्मिती मंदावते. थॉमस टुश्ल यांच्या गटाने २००१ मध्ये २१ न्यूक्लिओटाइडांचे रेणू वापरून ही अडचण टाळली. लहान रेणू प्रतिकारशक्तीस जाणवत नाहीत, ही त्यानंतर रूढ झालेली समजूत पुढे अपुरी ठरली.

प्रतिसादाची यंत्रणा

* टीएलआर-७ व टीएलआर-८ : पेशीतील एंडोसोम या पुटिकांमध्ये असणारे हे ग्राही ग्वानीन व युरासिल यांनी समृद्ध असलेले क्रम ओळखतात.
* टीएलआर-३ : हा क्रम न पाहता दुपेडी रचनाच ओळखतो.
* आरआयजी-१ : पेशीद्रवातील हे प्रथिन टोकाशी तीन फॉस्फेट गट असलेला आरएनए ओळखते.

या सर्वांच्या उद्दीपनातून इंटरफेरॉन व दाहकारक सायटोकाइन निर्माण होतात.

महत्त्व

या प्रतिसादामुळे रुग्णास अपाय होऊ शकतो, तसेच प्रयोगाचा निष्कर्षही चुकू शकतो. २००८ मध्ये उंदरांवरील संशोधनात असे आढळले की, डोळ्यातील रक्तवाहिन्यांची अनिष्ट वाढ कोणत्याही क्रमाच्या एसआय-आरएनएने टीएलआर-३ मार्फत रोखली जाते. म्हणजेच, जनुक बंद पडल्याचा मानला गेलेला परिणाम वस्तुतः प्रतिकारशक्तीचा असू शकतो. म्हणून अशा प्रयोगांत असंबद्ध क्रमाच्या रेणूशी तुलना करणे व इंटरफेरॉन मोजणे आवश्यक ठरते.

उपाय

रेणूतील काही शर्करांना मिथाइल गट जोडल्यास हा प्रतिसाद बराच कमी होतो. अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या पहिल्या एसआय-आरएनए औषधात असे बदल केलेले आहेत; तरीही ते देण्यापूर्वी रुग्णास स्टेरॉइड दिले जाते.

संदेशवाहक आरएनएवर आधारित लसींनाही हाच प्रश्न लागू होतो. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या जेमकोव्हॅक-१९ या अशा पहिल्या भारतीय लसीस जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. लसीत थोडे उद्दीपन उपकारक ठरू शकते. जनुक शांत करणाऱ्या औषधात मात्र ते टाळावे लागते.