अफूवर्गीय वेदनाशामके : औषध दुकानात आपला हक्क काय?

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्या आक्काला डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. दुखणे थांबेना म्हणून एका मेडिकलमधून तीच पट्टी चिठ्ठीविना दोनदा आणली. आणणारा मीच. आक्काला सारखी गुंगी येऊ लागली तेव्हा भाचीने पट्टी वाचली. गोळी ट्रामाडॉलची होती. सही करण्यापूर्वी कागद वाचा, असे बँकेत खातेदारांना आयुष्यभर सांगितले, पण औषधाची पट्टी मी वाचली नव्हती. म्हणून सभासदांसाठी ही माहिती देत आहे.

ही औषधे कोणती?

मॉर्फिन आणि कोडीन ही अफूतील द्रव्ये. ट्रामाडॉल व फेंटानिल कारखान्यात बनतात, पण काम तेच करतात. शस्त्रक्रिया, मोठी दुखापत व कर्करोगाच्या वेदनांसाठी ती वापरतात. कोडीन काही खोकल्याच्या औषधांतही असते. झोप, मळमळ, बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास. जास्त दिवस घेतल्यास सवय लागते. मात्रा वाढली, किंवा सोबत दारू वा झोपेची गोळी घेतली, तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकते.

कायदा काय सांगतो?

१. औषध नियम, १९४५ : यातील परिशिष्ट ‘एच-१’ १ मार्च २०१४ पासून लागू आहे. ट्रामाडॉल व कोडीन त्यात आहेत. अशा औषधावर लाल चौकटीत इशारा छापावा लागतो. डॉक्टर, रुग्ण, औषध व नग यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. चिठ्ठीविना विक्री हा गुन्हा आहे.

२. गुंगीकारक औषधी द्रव्ये कायदा, १९८५ : एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉलही याच्या कक्षेत आले.

३. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ : नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतःहून रुग्णाशी किंवा नातेवाइकाशी बोलून मात्रा, किती दिवस घ्यायचे, खबरदारी व गंभीर दुष्परिणाम समजावून सांगायचे आहेत.

हे सर्व नियम केंद्राचे आहेत. त्यामुळे निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला दाखवून आला, तरी दोन्हीकडे नियम एकच.

खरी अडचण

पट्टीवरचा इशारा बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील आपली वडीलधारी माणसे मराठी वाचतात, काही कन्नड. त्यांच्यासाठी ती लाल चौकट असून नसल्यासारखी. म्हणून तिसऱ्या नियमाला महत्त्व आहे : तो बोलून सांगायला लावतो, आणि बोलणे कळेल त्या भाषेत होऊ शकते. कॅनडात २० ऑक्टोबर २०१८ पासून अशा औषधाबरोबर इशाऱ्याचे स्टिकर व माहितीपत्रक देणे सक्तीचे आहे. आपल्याकडे तसे पत्रक मिळत नाही. तेव्हा विचारणे आपल्याच हाती.

काउंटरवर विचारावयाचे प्रश्न

• यात अफूवर्गीय औषध आहे का?
• किती दिवस घ्यायचे? थांबवायचे कसे?
• चालू असलेल्या झोपेच्या, फिटच्या गोळ्यांसोबत चालेल का?
• कोणते लक्षण दिसल्यास लगेच दवाखाना गाठायचा?

बिल घ्यावे. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत, मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. बरेच दिवस चालू असलेली गोळी मनाने एकदम बंद करू नये. माणूस उठवूनही जागा होत नसेल, श्वास संथ असेल, तर १०८ ला फोन करावा. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

भीतीही नको

कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन नाकारणे म्हणजे त्याला विनाकारण तळमळत ठेवणे. हे औषध गरजूंना सुलभपणे मिळावे म्हणून संसदेने २०१४ मध्ये १९८५ च्या कायद्यात दुरुस्ती केली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते अवश्य घ्यावे.

आक्का आता बरी आहे. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. पुढच्या खेपेस मेडिकलमध्ये जाल तेव्हा पैसे देण्याआधी पट्टी उलटून पाहा, आणि घरातील ज्येष्ठांना ती वाचून दाखवा.