कपडे वाळवण्याचे यंत्र
कपडे वाळवण्याचे यंत्र अथवा ड्रायर हे फिरत्या पिंपात गरम हवा खेळवून धुतलेल्या कपड्यांतील ओलावा काढणारे घरगुती विद्युत उपकरण आहे. महाराष्ट्रात अर्धस्वयंचलित धुलाई यंत्रातील पिळणाऱ्या टाकीलाही ड्रायर म्हणतात. तिच्यातून मात्र कपडे दमटच निघतात. त्यामुळे मलकापूर-कराड परिसरात पावसाळ्यात ते घरातील दोरीवर वाळत घालावे लागतात.

गरम हवेच्या यंत्रात कपड्यांचे सुटे तंतू जाळीत साचतात. त्यांमुळे हवेचा मार्ग अडतो, वीज अधिक लागते आणि आगीचा धोका वाढतो. म्हणून प्रत्येक वापरानंतर जाळी स्वच्छ करणे आवश्यक असते. तेलाने माखलेले कपडे धुतल्यावरही उष्णतेने पेट घेऊ शकतात. ते यंत्रात वाळवू नयेत. पिळणारी टाकी पूर्ण थांबण्यापूर्वी तिच्यात हात घालणे धोकादायक असते.