तांडा, नाईक आणि तांडेल

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाचे परमश्रद्धेचे स्थान असून, त्या परिसरातील तांड्यांतून नाईक, कारभारी, हासाबी आणि नसाबी अशी जी परंपरागत व्यवस्था चालत आली, तिच्यातील नाईक हे पद कालांतराने अनेक घराण्यांचे आडनाव झाले. शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुली येथे 1913 साली जन्मलेले माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे नाव या संदर्भात कोणालाही आठवेल.

तांडा ही आज वस्ती असली, तरी मुळात तो चालता होता. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंस समतोल लोंबणारी गोण, तीत जाताना वऱ्हाडचे धान्य आणि येताना किनाऱ्याकडचे मीठ, अशी ती लदेणी. आणि वाट कोणती धरावी, पाणी पाहून मुक्काम कोठे करावा, जकातीच्या नाक्यावर बोलणी कोणी करावी, हे सारे नाईकाच्या शब्दावर चाले. 1803 साली अडगाव आणि गाविलगड येथे लढलेल्या इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेची रसददेखील बंजाऱ्यांच्याच बैलांवर अवलंबून होती, एवढे या नाईकीचे महत्त्व!

जे मीठ वऱ्हाडात येई, त्या मिठाच्या किनाऱ्यावर खलाशांच्या म्होरक्यास तांडेल म्हणतात, आणि रायगड-पालघरकडील कोळी घराण्यांत तेच आडनावही आहे. तांडा आणि तांडेल यांचे ध्वनिसाम्य पाहून दोहोंचे मूळ एकच ठरविण्याचा मोह होतो. परंतु तेलुगू आणि मल्याळम या भाषांतही हा शब्द नाविकांच्या पुढाऱ्यासाठी वापरला जात असल्यामुळे तो मोह आवरणेच मला इष्ट वाटते. तोफखान्यातील हरकाम्यांच्या आणि मजुरांच्या टोळीच्या प्रमुखासही तांडेल म्हणत, यावरून या शब्दाचा आशय पाण्यापुरता मर्यादित नव्हता हे उघड आहे. त्याचा सोबती नाखवा मात्र निःसंशय फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नौकेचा धनी, यापासून आलेला. आणि कान्होजी आंग्र्यांचे ‘सरखेल’ हे आरमारी पद तर मुळी घोडदळाच्या पथकाचे, म्हणजे जमिनीवरचे!

1867 साली लोहमार्ग नागपुरास पोचल्यावर लदेणीचा धंदा झपाट्याने बसला, तांडे माळरानावर स्थिरावले आणि नाईकाकडे वाट दाखविण्याऐवजी तंटे मिटविण्याचे व लग्नकार्यांत मान घेण्याचे काम उरले. किनाऱ्यावरचा तांडेल मात्र आजही होडीवर खलाशांकडून जाळी ओढून घेतो.