गिरणींतील बायका

मुंबईंत १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं कापडगिरणीची कंपनी काढली. पुढें कोंकणांतल्या व घाटावरच्या बायकाही गिरणीच्या भोंग्याच्या हुकमतींत आल्या. साचे मात्र पुरुषांच्या हातीं राहिले. बायकांच्या वाट्यास सूत गुंडाळण्याचें वाइंडिंग व रीळिंग खातें. तेथें मजुरी कामाच्या मापावर, पुरुषांहून बरीच कमी. १८९१ च्या कायद्यानें त्यांचे रोजचे तास ११ वर आणले. १९२९ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यानें बाळंतपणाचा भत्ता दिला. कायदे चांगलेच, परंतु रात्रपाळी निषिद्ध आणि भत्ता मालकाच्या शिरीं! स्वस्त म्हणून ठेवलेली बाई हिशेबांत महाग ठरली. नवीं यंत्रें येतांच बायकांची संख्या घटूं लागली. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीं झाला, तोंवर त्यांतल्या बहुतेक गिरणीबाहेर गेल्या होत्या.