लाल्याचं कूळ

भिलाईहून गाडी निघाली की राजनांदगाव, गोंदिया असा धानाचाच मुलूख. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दिसायला लागते ती नागपूर मागे पडल्यावर. नोव्हेंबरात तिची पानं तांबडीलाल झालेली दिसली की डब्यातलं कुणीतरी म्हणतंच, "लाल्या आला."

या शब्दाने मला बरेच दिवस झपाटलं. 'लाल' आला फारसीतून, माणकाचा रंग. पिकांच्या रोगांना आपण रूपावरून नावं देतो, तसंच हे, असं सरळ उत्तर मिळतं. मला मात्र शेवटचा 'या' महत्त्वाचा वाटतो. टकल्या, दाढ्या, ढवळ्या, पवळ्या: हा 'या' माणसाला नि बैलाला लागतो. तांबेरा, करपा, भुरी ऐकताना पानाचं रूप दिसतं. लाल्या म्हटलं की कुणीतरी वावरात शिरल्यासारखं वाटतं. माझ्या मते या नावानेच शेतकऱ्याला शत्रू शोधायला लावलं. तांबेऱ्यामागे खरोखर बुरशी असते. लाल्यामागे बहुतेकदा बोंडच असतं.

बोंडच का, याचा धागा सापडतो थेट त्रिनिदादमध्ये. 1928 साली मेसन आणि मास्केल हे दोन शास्त्रज्ञ तिथे कपाशीच्या खोडाची साल गोल कापून काढत आणि पानात, सालीत, लाकडात साखर किती हे दिवसरात्र मोजत. साल काढली की साखरेची वाट अडे. म्हणजे साखर सालीतून वाहते, आणि जिथे खप तिथे जाते. पान कमावतं, बोंड खातं, हा हिशेब आज सगळ्या पिकांना लावतात. तो मांडला गेला कपाशीवर!

आता हाच हिशेब आपल्या वावरात लावू. आपल्याकडे संकरित कपाशी 1970 ची, जनुक बदललेली बीटी कपाशी 2002 ची. बीटीने बोंडअळीपासून पात्या, म्हणजे कळ्या, वाचवल्या. पूर्वी अळी पहिला बहर खाई, झाड पुन्हा पात्या धरी, ओझं लांबत जाई. आता बोंडं एकदम भरतात. हलक्या कोरडवाहू जमिनीत मुळं नत्र पुरवू शकत नाहीत, मग बोंडं ते पानातून ओढतात. हरितद्रव्य विरतं, लाली चढते.

कुणी मॅग्नेशियमची कमतरता म्हणतं, कुणी रात्रीची थंडी. दोन्ही खरी, पण मी त्यांना साथीदार मानतो. बीटीच्या जनुकालाच दोष देणं मला मुळीच पटत नाही, कारण माळव्यातल्या अमेरिकन कपाशीच्या लाल पानांवर दस्तूर या शास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकातच संशोधन केलं होतं. तुडतुड्यांची लाली वेगळी. ती कडेपासून चढते, पान वळतं, मागे तिरपे चालणारे किडे दिसतात.

तेव्हा पंप भरण्याआधी पान उलटून बघा. तुडतुडे नसतील तर झाडावरची बोंडं मोजा. ती भरगच्च असतील तर झाडाला खुराक हवा आहे. डीएपी खताचं 2 टक्के द्रावण फवारा, आणि पुढच्या हंगामात हीच फवारणी बोंडं भरत असताना, पानं हिरवी असतानाच करा.